बंद समितीतला संजय

17 जुलै 2003 रोजी अमेरिकेचे सिनेटर जे रॉकफेलर यांनी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना एक पत्र लिहिले. पत्र हाताने लिहिलेले होते. त्यातला विषय टंकलेखनासाठी कुणाच्याही हाती देता येण्यासारखा नव्हता. रॉकफेलर सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे उपाध्यक्ष होते, आणि त्याच दिवशी त्यांना व आणखी मोजक्या सदस्यांना एका टेहळणी कार्यक्रमाची माहिती बंद खोलीत देण्यात आली होती. न्यायालयाच्या परवानगीशिवाय संभाषणे ऐकली जात आहेत, हे अमेरिकी जनतेला कळायला अजून दोन वर्षांहून अधिक काळ जायचा होता. रॉकफेलर यांच्या पत्राचा आशय असा होता, की आपण तंत्रज्ञ नाही आणि वकीलही नाही. गुप्ततेच्या बंधनामुळे आपल्या कर्मचाऱ्यांशी किंवा कायदेतज्ज्ञांशी बोलता येत नाही. त्यामुळे जे सांगितले गेले त्याची छाननी करणेच आपल्याला जमत नाही, मग त्याला मान्यता देणे तर दूरच. पत्राची एक प्रत त्यांनी सीलबंद करून समितीच्या सुरक्षित जागेत ठेवून दिली. ती कुणी वाचावी म्हणून ठेवली नव्हती. आपण शंका घेतली होती, एवढे कुठेतरी नोंदलेले असावे म्हणून ठेवली होती.

एका सार्वभौम सभागृहाच्या निवडून आलेल्या ज्येष्ठ सदस्याची ही अवस्था. त्याला सगळे सांगितले गेले होते आणि तरी त्याला काही कळले आहे असे म्हणता येत नव्हते.

सभागृहाच्या बंद समितीचे कागद कर्मचाऱ्यांना पाहू द्यावेत की नाही, कुणाला द्यावेत, कुठे बसून वाचू द्यावेत, टिपणे काढू द्यावीत का, हे प्रश्न वरवर कारकुनी वाटतात. नियमपुस्तिकेच्या मागच्या पानांत ते पडून असतात आणि सहसा त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. पण त्यांच्या तळाशी ज्ञानाविषयीचा आणि विवेकाविषयीचा एक फार जुना पेच आहे. जाणण्याचा अधिकार एकाला आणि समजून घेण्याची सवड व कुवत दुसऱ्याला, अशी वाटणी झाली तर जाणतो कोण? आणि ज्याला समजले, त्याने समजूनही गप्प राहावे, ही अपेक्षा कोणत्या हक्काने आणि किती काळ धरायची?

अमेरिकी सिनेटने याचे उत्तर बऱ्याच तपशिलात लिहून ठेवले आहे. फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1975-76मध्ये गुप्तचर संस्थांचे गैरव्यवहार उघडकीला आणले, आणि त्यातून मे 1976मध्ये सिनेटच्या ठराव क्रमांक 400ने कायमची गुप्तवार्ता समिती स्थापन झाली. या ठरावानुसार समितीच्या कर्मचाऱ्याला गोपनीय कागद हाताळण्याआधी दोन गोष्टी कराव्या लागतात. एक म्हणजे नियम पाळण्याची लेखी शपथ, आणि ती नोकरीत असेपर्यंतच नव्हे तर नोकरी सुटल्यानंतरही लागू राहते. दुसरी म्हणजे सुरक्षा-तपासणी. सिनेटरला मात्र अशी तपासणी लागत नाही. मतदारांनी त्याला निवडून दिले, हीच त्याची पात्रता. माहिती फोडण्याच्या शिक्षाही वेगवेगळ्या आहेत. सिनेटच्या नियम 29प्रमाणे गुप्त कामकाज उघड करणाऱ्या सदस्याला सभागृहातून काढून टाकता येते. कर्मचाऱ्याची नोकरी जाते आणि वर सभागृहाच्या अवमानाची शिक्षा होते.

या रचनेत एक मूक तत्त्वज्ञान आहे. सदस्याचा अधिकार स्वतःचा, कर्मचाऱ्याचा अधिकार उसना. सदस्य जाणतो, कर्मचारी जाणण्याला मदत करतो.

उसना अधिकार नाकारला की काय होते, त्याचे उदाहरण रॉकफेलर यांच्या पत्राच्या आदल्या वर्षी घडून गेले होते. ऑक्टोबर 2002मध्ये इराकवरील युद्धाच्या ठरावावर मतदान व्हायचे होते. त्याआधी गुप्तचर संस्थांचा नव्वदहून अधिक पानांचा एकत्रित अंदाज सिनेटरांसाठी सुरक्षित खोलीत ठेवलेला होता. तिथे जाऊन स्वतः वाचायचा. बहुतेक सिनेटरांच्या खासगी कार्यालयातील कर्मचाऱ्यांना तो पाहण्याची परवानगी नव्हती. इराक अण्वस्त्र कार्यक्रम पुन्हा उभारत आहे का, याबाबत खुद्द परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने नोंदवलेले मतभेद त्या दस्तऐवजात होते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने नंतर दिलेल्या वृत्तानुसार, पाच पानी सारांशाच्या पुढे जाऊन तो वाचणारे सिनेटर सहापेक्षा जास्त नव्हते. ठराव 77 विरुद्ध 23 मतांनी मंजूर झाला. गुप्तवार्ता समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी तो दस्तऐवज वाचला होता; त्यांचे मत विरोधात पडले.

सदस्यांच्या आळसावर बोट ठेवून इथे थांबता येईल, पण ते पुरेसे नाही. दिवसाला दहा-बारा विषय हाताळणाऱ्या माणसासाठी वाचणारा कुणीतरी दुसरा असतो, हे आधुनिक विधिमंडळाचे वास्तव आहे. त्या दुसऱ्याला दाराबाहेर उभे केले, तर सदस्याचा वाचण्याचा हक्क कागदावर शाबूत राहतो आणि प्रत्यक्षात वाचन होत नाही. मग मत पडते ते सारांशावर, आणि सारांश लिहिलेला असतो ज्याची तपासणी करायची त्यानेच.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न एकदा फार विलक्षण रूपात आला. 29 जून 1971च्या रात्री अलास्काचे सिनेटर माइक ग्रॅव्हेल यांनी ‘इमारती आणि मैदाने’ या उपसमितीची बैठक बोलावली आणि व्हिएतनाम युद्धाचा गुप्त इतिहास, म्हणजे ‘पेंटॅगॉन पेपर्स’, तिथे वाचायला सुरुवात केली. मध्यरात्र उलटून गेल्यावर वाचता वाचता त्यांना रडू कोसळले. उरलेली पाने त्यांनी इतिवृत्तात दाखल करून घेतली. पुढे सरकारी चौकशी सुरू झाली तेव्हा समन्स गेले ते त्यांचे सहायक लेनर्ड रॉडबर्ग यांना. सिनेटरला सभागृहातील बोलण्याबद्दल संरक्षण आहे. सहायकाला आहे का? 1972मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की कायदेमंडळाच्या कामापुरते सदस्य आणि त्याचा सहायक हे एकच मानावेत, कारण आजचा सदस्य सहायकाशिवाय आपले काम करूच शकत नाही. तेच कागद खासगी प्रकाशकाकडून छापून घेण्याला मात्र हे संरक्षण पोहोचणार नाही, असेही न्यायालयाने ठरवले.

निकाल शहाणपणाचा होता. सहायकाला अडकवून सदस्याचे तोंड बंद करण्याची वाट त्याने अडवली. पण ‘दोघे एकच’ हे गृहीतक कायद्याच्या सोयीचे आहे, माणसाच्या मनाचे नव्हे. दोन माणसे एका कागदावर वाकली तरी दोन मने तो कागद वाचतात. एकाला त्याचे काहीच वाटत नाही आणि दुसऱ्याची झोप उडते, असे सर्रास घडते. कायद्याने त्या दुसऱ्याला पहिल्याची सावली ठरवले म्हणून त्याची झोप परत येत नाही.

मराठी वाचकाला हा दुसरा माणूस ओळखीचा आहे. तो संजय.

महाभारतात व्यास धृतराष्ट्राला दिव्यदृष्टी देऊ करतात. आपल्याच कुळाचा संहार डोळ्यांनी पाहणे नको म्हणून राजा ती नाकारतो. मला फक्त ऐकायचे आहे, म्हणतो. मग ती दृष्टी मिळते संजयाला. संजय सूत आहे, राजाच्या पदरचा माणूस. ज्याचा अधिकार त्याने पाहायचे नाकारले, आणि पाहण्याचे ओझे नोकराच्या डोळ्यांवर आले. रणांगणावर दोन सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून जे संभाषण चालले होते, ते एका गुरूचे आणि एका शिष्याचे होते. गीतेच्या शेवटी श्रीकृष्ण स्वतःच बजावतात, की हे ज्याच्याकडे तप नाही, भक्ती नाही, ऐकण्याची इच्छा नाही, त्याला सांगू नये. आणि लगेच पुढे म्हणतात, की जो हे भक्तांना सांगेल त्याच्याइतका मला प्रिय कुणी नाही. गुप्ततेचा नियम आणि प्रकटनाचा नियम असे लागोपाठच्या श्लोकांत आले आहेत. संजय हे परम गुह्य व्यासांच्या कृपेने ऐकतो आणि सांगतो ते धृतराष्ट्राला.

ज्ञानेश्वरांनी या दोघांमधले अंतर फार बारकाईने टिपले आहे. नवव्या अध्यायाच्या अखेरीस संजयाची जी अवस्था ते रंगवतात, ती सात्त्विक भावांनी व्याकूळ झालेल्या माणसाची आहे. अंगावर रोमांच, डोळ्यांत पाणी, देहभान सुटायच्या बेतात. आणि समोर राजा स्वस्थ बसलेला. ज्याच्यासाठी हे सगळे सांगितले जात आहे त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, आणि ज्याला केवळ निरोप्या म्हणून नेमले तो आतून बदलून गेला आहे. ज्ञान ज्याच्यातून वाहते त्याला ते कोरडे सोडत नाही, ही गोष्ट ज्ञानेश्वरांना इतकी महत्त्वाची वाटली, की त्यांनी निरूपण थांबवून संजयाकडे पाहिले. गोपनीय दफ्तराचे नियम लिहिणाऱ्या कुठल्याही सचिवालयाने त्या ओव्यांपाशी थोडे थांबायला हवे. कर्मचारी म्हणजे पन्हळ, वरून आलेले खाली सोडायचे, ही समजूत तिथे ढासळते.

महाभारतात पुढे आणखी एक तपशील येतो. दुर्योधनाचा अंत झाल्यावर संजयाची दिव्यदृष्टी जाते, तसे तो स्वतःच राजाला सांगतो. काम संपले, अधिकार संपला. पण पाहिलेले राहिले.

2009च्या मार्चमध्ये सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने 14 विरुद्ध 1 मताने एक तपास सुरू केला. 2001नंतर सीआयएने संशयितांना गुप्त तुरुंगांत ठेवून त्यांची जी चौकशी केली, तिचा हा तपास होता. प्रत्यक्ष वाचायला बसले कर्मचारी. प्रमुख तपासनीस होते डॅनियल जोन्स. सीआयएने कागद समितीच्या कार्यालयात पाठवायला नकार दिला. उत्तर व्हर्जिनियात भाड्याच्या जागेत बाहेरच्या जगाशी न जोडलेले संगणक मांडले आणि समितीच्या लोकांनी तिथे येऊन वाचावे असे ठरले. समितीच्या अध्यक्ष डायॅन फाइनस्टाइन यांनी पुढे सिनेटमध्ये सांगितले त्याप्रमाणे एकूण बासष्ट लाख पाने होती, सुरुवातीला अनुक्रमणिकेशिवाय, कुठलीही जुळवाजुळव न केलेली. 2010मध्ये आधी सुमारे 870 आणि नंतर आणखी 50 दस्तऐवज त्या संगणकांवरून नाहीसे झाले. सीआयएच्याच एका अंतर्गत आढाव्याची प्रत कर्मचाऱ्यांच्या हाती लागली. त्या आढाव्यातले काही निष्कर्ष संस्था अधिकृतपणे जे म्हणत होती त्याच्याशी जुळत नव्हते. त्याचा काही भाग कर्मचाऱ्यांनी छापून सिनेटच्या हार्ट इमारतीतील समितीच्या तिजोरीत आणून ठेवला.

नियमाप्रमाणे तो कागद व्हर्जिनियातच राहायला हवा होता का? सीआयएचे म्हणणे तसेच होते, आणि कर्मचाऱ्यांवर फौजदारी कारवाई व्हावी अशी तक्रार न्याय खात्याकडे गेली. फाइनस्टाइन यांचे म्हणणे, की आधीचे कागद नाहीसे झाल्यावर पुरावा जपणे हे समितीचे कर्तव्यच होते. 11 मार्च 2014 रोजी त्यांनी सभागृहात उभे राहून हा सगळा वाद मांडला. त्याच वर्षी जुलैमध्ये सीआयएच्या महानिरीक्षकांनी निष्कर्ष काढला, की संस्थेच्या पाच कर्मचाऱ्यांनी समितीच्या संगणकीय जागेत गैरपणे प्रवेश केला होता. संचालक जॉन ब्रेनन यांनी समितीच्या नेत्यांची माफी मागितली. समितीच्या कर्मचाऱ्यांवर खटला झाला नाही.

अहवाल समितीने डिसेंबर 2012मध्ये 9 विरुद्ध 6 मतांनी स्वीकारला होता. 6700हून अधिक पानांचा हा अहवाल. त्यातला 525 पानांचा सारांश 9 डिसेंबर 2014 रोजी प्रसिद्ध झाला. मूळ अहवाल आजही गुप्त आहे. त्याच्या प्रती सरकारी खात्यांना पाठवल्या गेल्या, तेव्हा न्याय खात्याने आपली प्रत उघडूनही पाहिली नव्हती, असे न्यायालयात दाखल झालेल्या कागदांवरून दिसले. धृतराष्ट्राने निदान ऐकले तरी होते.

जोन्स यांच्यासारख्या माणसाने काय करायचे? सारांशात नोंद आहे, की 119 कैद्यांपैकी किमान 26 जणांना संस्थेला नेमून दिलेल्या निकषांप्रमाणेही डांबायला नको होते. हे त्याने वर्षानुवर्षे वाचले, तारखेनिशी जुळवले, तळटिपांत बसवले. सारांश बाहेर येण्याच्या दिवसापर्यंत तो हे घरी सांगू शकत नव्हता. त्याने वर्तमानपत्रे गाठली नाहीत; तो आतल्या वाटेने चालत राहिला. ही वाट उपलब्ध होती म्हणून तो चालू शकला, हे विसरता कामा नये. ठराव 400च्या आठव्या कलमात सोय आहे, की समितीला एखादी गोपनीय माहिती लोकहितासाठी उघड करावीशी वाटली तर ती मतदान करू शकते, राष्ट्राध्यक्षांनी हरकत घेतल्यास प्रश्न पूर्ण सिनेटपुढे नेता येतो. आतली वाट किती लांब आणि खडतर आहे ते या तपासाने दाखवले. ती वाट मुळातच नसती, तर त्याच माणसाला शपथ आणि विवेक यांतले एक टाकून द्यावे लागले असते.

गुप्ततेची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. बंद दार हे नेहमी काळ्या कृत्यांसाठीच असते असे नाही. साक्षीदाराला मोकळेपणाने बोलता यावे, विरोधी पक्षांच्या सदस्यांना गॅलरीकडे न पाहता एकमेकांचे ऐकता यावे, निर्दोष माणसाची नाचक्की होऊ नये, यासाठी दार लावावे लागते. विधिमंडळाच्या कामकाजात प्रसिद्धी हा नियम मानणाऱ्या जेरेमी बेंथमनेही त्याला अपवाद सांगितले: शत्रूच्या डावाला मदत होत असेल किंवा निरपराध माणूस विनाकारण दुखावत असेल, तर गुप्तता क्षम्य. आणि वाचणारे डोळे वाढले की फुटीची शक्यता वाढते, हे साधे गणित आहे. सिनेटच्या याच समितीचे सुरक्षा संचालक जेम्स वुल्फ जवळपास तीन दशके तिथे होते. कागद सांभाळणे हेच त्यांचे काम. 2018मध्ये पत्रकारांशी असलेल्या संपर्काविषयी एफबीआयशी खोटे बोलल्याची कबुली त्यांना द्यावी लागली आणि दोन महिन्यांची कैद झाली. गोपनीय माहिती फोडल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला नव्हता. तरीही कुलूप सांभाळणाऱ्याचीच ही गत झाल्यावर सदस्यांनी धास्तावणे स्वाभाविक आहे.

पण बंद दाराची दुसरी एक कथा त्याच सिनेटच्या दफ्तरात आहे. 1953-54मध्ये कम्युनिस्टांचा माग काढणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी आपल्या उपसमितीच्या कितीतरी बैठका बंद दाराआड घेतल्या. साक्षीदार आत जाई, प्रश्नांच्या माऱ्याला तोंड देई, आणि तो बाहेर पडेपर्यंत मॅकार्थी पत्रकारांना आत काय झाले त्याची आपली आवृत्ती सांगून मोकळे होत. नोंद मात्र बंद. म्हणजे गुप्तता पाळायची होती ती दुसऱ्यांनी. जे साक्षीदार ठामपणे उत्तरे देत, त्यांना जाहीर सुनावणीला बोलावले जात नसे. या खोलीत कर्मचाऱ्यांना भरपूर वाव होता; प्रमुख वकील रॉय कोहन स्वतः उलटतपासणी घेत. तेव्हा कर्मचाऱ्याला कागद दाखवले की विवेक आपोआप जागा होतो, असे कुणी म्हणू नये. कोहन यांच्या हाती सगळे कागद होते. संजय व्हायला दिव्यदृष्टी पुरत नाही.

इमॅन्युएल कांटने 1795मध्ये ‘चिरंतन शांतता’ या निबंधात एक कसोटी दिली, ती इथे उपयोगी पडते. दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंध असलेली जी कृती तिच्यामागचे तत्त्व जाहीर करताच कोलमडते, ती अन्याय्य. ही कसोटी प्रत्येक कागद चव्हाट्यावर मांडा असे सांगत नाही. कागद कोणत्या तत्त्वाने झाकला, ते तत्त्व उघडपणे सांगता आले पाहिजे, एवढेच ती मागते. कोण वाचतो, कुणाच्या नेमणुकीने वाचतो, वाचून अस्वस्थ झाला तर कुणाकडे जातो, आणि हे झाकण कधी निघते, ही चार उत्तरे जाहीर असतील तर बंद समितीही न्याय्य असू शकते. मॅकार्थींच्या खोलीतला खरा नियम जाहीर झाला असता तर एक दिवस टिकला नसता. ठराव 400 पाच दशके छापील स्वरूपात टिकून आहे.

भारतात हीच चार उत्तरे शोधायला गेले तर पहिले लगेच सापडते. लोकसभेच्या नियम 266नुसार समितीच्या बैठका बंद असतात. नियम 268नुसार समिती विचारविनिमयाला बसली की सदस्य आणि लोकसभा सचिवालयाचे अधिकारी सोडून सर्वांनी बाहेर जायचे. नियम 275नुसार सभागृहापुढे न ठेवलेला साक्षीपुरावा, अहवाल किंवा कामकाज लोकसभा अध्यक्षांच्या अधिकाराशिवाय कुणालाही पाहता येत नाही. अध्यक्षांच्या निर्देश 55मध्ये ज्याला ज्याला हे कामकाज पाहायला मिळते, त्या प्रत्येकाला वृत्तपत्रांशी बोलण्याची मनाई आहे. इथे सचिवालयाचा कर्मचारी आणि खासदार एकाच वाक्यात बांधले गेले आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ग)ने वरून आणखी एक कुलूप लावले: जी माहिती दिल्याने संसदेचा किंवा राज्य विधिमंडळाचा विशेषाधिकार भंग होईल, ती देण्याचे बंधन नाही.

या व्यवस्थेतला संजय सचिवालयात बसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 98ने संसदेला आणि 187ने राज्य विधिमंडळांना स्वतःचे सचिवालय दिले, ते शासनाच्या दबावापासून दूर राहावे म्हणून. ही मोठी दूरदृष्टी होती. खात्यांशी निगडित स्थायी समित्या दरवर्षी नव्याने नेमल्या जातात. सदस्य बदलतात, समितीच्या शाखेतले अधिकारी बऱ्याचदा तेच राहतात. मागच्या वर्षी सचिवांनी काय कबूल केले होते आणि यंदा काय सांगत आहेत, यातली विसंगती त्या अधिकाऱ्याला दिसते. ती त्याने सदस्याच्या कानावर घालावी का, हे समितीच्या सभापतीच्या स्वभावावर सोडलेले आहे. खासदाराचा स्वतःचा सहायक, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे, तो दाराबाहेर बसलेला असतो. अर्थसंकल्पाचा विषय असो की संरक्षण खरेदीचा, जाडजूड टिपणाची पाने सदस्याने एकट्याने उलटायची. रॉकफेलर यांनी ज्या एकटेपणाची तक्रार केली, तो इथे आणीबाणीचा प्रसंग नसून नेहमीची पद्धत आहे.

आणि तरीही गुप्तता टिकते असे नाही. एप्रिल 2011मध्ये टू-जी प्रकरणावरील लोकलेखा समितीच्या अहवालाचा मसुदा समितीने चर्चा करण्याआधीच वर्तमानपत्रांत झळकला होता. सहायकांना बाहेर ठेवून फूट थांबली नाही. वाचन तेवढे कमी झाले.

संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी केलेल्या भाषणाचा गौरवाने उल्लेख होतो, पण त्यातला एक भाग सहसा वाचला जात नाही. मसुदा समितीच्या कामाचे श्रेय वाटताना त्यांनी मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे नाव घेतले, अत्यंत गुंतागुंतीचा प्रस्ताव सोप्या आणि स्वच्छ कायदेशीर भाषेत मांडण्याचे त्यांचे कसब सांगितले, आणि मुखर्जींच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांचीही आठवण ठेवली, जे कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबले होते. समितीच्या अध्यक्षाने जाहीरपणे सांगितले होते, की आत आमच्याबरोबर विचार करणारी आणखी माणसे होती. ती माणसे हत्यारे नव्हती, हे बाबासाहेबांना सांगावेसे वाटले.

तीच दृष्टी आजच्या नियमांत यायला हवी. प्रत्येक समिती-सदस्याला आपल्या पसंतीचा एक वाचक नेमू द्यावा, त्याला शपथेने बांधावे, कागद समितीच्याच खोलीत वाचायला लावावेत. सचिवालयाच्या अधिकाऱ्याला विसंगती दिसली तर ती लेखी नोंदवण्याचा हक्क द्यावा, आणि ती नोंद सभापतींपुरती न राहता समितीच्या सर्व सदस्यांपुढे जावी. त्या नोंदीमुळे त्याची बढती अडणार नाही, हेही नियमातच लिहावे. माणसाकडून मौनाची शपथ घ्यायची तर त्याला आत बोलण्याची जागा देणे, हे शपथ घ्यायला लावणाऱ्यावरचे ऋण आहे.

राहते ते चौथे उत्तर, मुदतीचे. अमेरिकी सिनेटने 1980च्या एका ठरावाने आपले दफ्तर साधारणपणे वीस वर्षांनी आणि व्यक्तींविषयीचे संवेदनशील चौकशीचे कागद पन्नास वर्षांनी खुले करण्याचे ठरवले. त्यानुसार मॅकार्थींच्या बंद बैठकांची इतिवृत्ते 2003मध्ये पाच खंडांत प्रसिद्ध झाली. संगीतकार आरन कोपलंड यांना 1953च्या मेमध्ये त्या खोलीत बोलावले होते. जाहीर सुनावणीला त्यांना कधीच बोलावले गेले नाही. त्यांनी दिलेली शांत, सावध उत्तरे लोकांनी वाचली ती त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. उशिरा का होईना, वाचता आली, कारण कुणीतरी लघुलिपिकाने ती शब्दशः उतरवून ठेवली होती आणि दफ्तर कधी उघडायचे याची तारीख नियमात होती. लोकसभेच्या नियम 275मध्ये अशी तारीख नाही; कागद अध्यक्षांच्या परवानगीची वाट पाहतात, वीस वर्षे झाली तरी आणि साठ झाली तरी. लोकसभेची नियम समिती या दुरुस्तीची शिफारस करू शकते. तिचे पदसिद्ध अध्यक्ष लोकसभेचे अध्यक्षच असतात, त्यामुळे ज्यांच्या परवानगीवाचून दफ्तर अडले आहे, त्यांच्याच पुढाकाराने ही मुदत नियमात येऊ शकते.